ज्याला गहू वर्ज्य, त्याचे पान

घरापासून दूर गेलेल्या माणसाला दुपारच्या प्रहरी भूक लागावी, रस्त्याच्या कडेला एखादे उपाहारगृह दृष्टीस पडावे, आत शिरून त्याने काय तयार आहे एवढेच विचारावे आणि समोर येईल ते निःशंक मनाने खाऊन पुढच्या कामाला लागावे, हा क्रम आपल्यापैकी बहुतेकांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्या निःशंकतेत केवढे सुख साठलेले आहे याची जाणीवही आपल्याला उरलेली नाही. ज्यांच्या प्रकृतीला गव्हाचा अंशही सोसत नाही अशा स्त्रीपुरुषांना, आणि त्यांच्याहूनही अधिक अशा बालकांना, हे सुख मिळत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड जंक्शनवर गाडीची वाट पाहताना, जलालखेड्याच्या बाजाराला आले असताना, मोवाडहून किंवा थडीपवनीहून एखाद्या दाखल्यासाठी तहशील कचेरीत येऊन अर्धा दिवस तिथेच सरला असता, ही माणसे घरून बांधून आणलेला डबा उघडतात, नाही तर केळी आणि शेंगदाणे यांवर वेळ निभावून नेतात. आणि वैशाखातल्या उन्हात डबा विटला, तर उपाशी परततात.

माझे म्हणणे असे आहे की अशा माणसांना बाहेरचे जेवण सर्वांत सुलभ जर कुठे असायला हवे होते तर ते या मुलखात. कारण या मुलखाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न ज्वारीचे, आणि ज्वारीत गव्हासारखा दोष नाही. तरी असे जेवण दुर्लभ झाले याचे कारण रोग नव्हे, दैव नव्हे. आपण आपल्या हातांनी उपाहारगृहातून भाकर उठवली, हे त्याचे कारण आहे. आणि जी गोष्ट आपण उठवली ती आपल्याला परत मांडता येते.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्याची इत्थंभूत माहिती नसल्यामुळेच पुष्कळ भलीभली माणसे नकळत अपाय करतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली म्हणजे तिला जो चिवटपणा येतो आणि पोळी लाटताना ती फाटत नाही, तो याच प्रथिनाचा गुण. काही मनुष्यांच्या शरीरात जन्मजात अशी ठेवण असते की हे प्रथिन आतड्यात गेले असता शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंजता झुंजता आपल्याच लहान आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करते. अन्न शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झडून सपाट होतात. मग कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, त्याचे पोट फुगते, जुलाब थांबत नाहीत. मोठ्या माणसात कित्येकदा यांपैकी काहीच दिसत नाही, फक्त लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही, आणि हाडे अकाली ठिसूळ होतात. याला सिलिअ‍ॅक रोग म्हणतात. यावर औषध नाही. जन्मभर ग्लुटेन वर्ज्य करणे हा एकच उपचार, आणि तो पाळला तर माणूस पूर्ववत धडधाकट होतो, ही त्यातली आशेची गोष्ट.

लंडनचे वैद्य सॅम्युएल जी यांनी १८८८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले आणि रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल असा अभिप्रायही दिला. परंतु दोष नेमका कोणत्या अन्नात आहे हे कळायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा भोवतालची निरोगी प्रजा खंगत असताना ही रोगी मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष सिद्ध केला.

आपल्याकडे हा रोग विलायती आहे असा समज पुष्कळ वर्षे होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुप्रांतीय पाहणीत उत्तर भारतात या रोगाचे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. म्हणजे उत्तरेत हजारी बारा माणसे, दक्षिणेत हजारी एक. रोगाची प्रवृत्ती देणारी जनुके तिन्हीकडे आहेत, पण रोजच्या गव्हाच्या प्रमाणात मोठी तफावत आहे, आणि जिथे गहू अधिक तिथे रोग अधिक प्रकट झालेला दिसतो. विदर्भ या दोन टोकांच्या मधोमध वसलेला आहे, आणि गेल्या दोन पिढ्यांत त्याचे ताट सारखे उत्तरेकडे सरकत आले आहे. म्हणून ही बाब परक्यांची म्हणून सोडून देण्याजोगी राहिलेली नाही.

आता उपाहारगृहात काय घडते ते पाहू. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराला हा संवाद तोंडपाठ असतो. आई विचारते, “भाऊ, यात गव्हाचं पीठ हाय काय?” उत्तर येते, “नाही जी, काहीच नाही.” ती पुन्हा विचारते, “रस्सा दाट कराले काही टाकता काय?” तेव्हा आतून विचारून उत्तर येते, “थोडंसं टाकते म्हणे. थोड्याशानं काय होते, ताई?” हा भाऊ लबाड नसतो, आपल्या परीने तो तिची समजूत घालत असतो. परंतु संशोधकांच्या प्रयोगात असे दिसून आले आहे की दररोज ५० मिलिग्रॅम इतके ग्लुटेन पोटात जात राहिले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा पोचते, आणि एवढे ग्लुटेन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कणकेत सामावते. चिमटीत मावणारी ही कणीक. त्या भावाला ‘थोडंसं’ म्हणजे किती हे कुणी सांगितलेलेच नसते.

आणि विलक्षण गोष्ट ही की आपल्या नागपुरी फराळाचा बराचसा भाग मूळचा निर्दोष आहे. तर्रीपोह्यांत पोहे तांदळाचे, तर्री हरभऱ्याची. आलूबोंडा बेसनाचा, पाटोडीरस्सा बेसनाचा, झुणका बेसनाचा. गोळाभात आणि कढीगोळे हरभऱ्याच्या डाळीचे. वांग्याचे भरीत, अंबाडीची भाजी, ठेचा, वरण, भात यांत गव्हाचा संबंध कुठेच येत नाही. सावजी भोजनालयांत ज्वारीची भाकर आजही मागताक्षणी मिळते, आणि त्या परंपरेने ती टिकवली याबद्दल आपण तिचे ऋणी असले पाहिजे. तर मग गहू शिरतो कुठून? तो आडवाटेने शिरतो. बाजारातला बांधणीचा हिंग पुष्कळदा मैद्याच्या आधाराने केलेला असतो, त्यामुळे एका फोडणीने सबंध पातेले निषिद्ध होते. पोह्यांवर भुरभुरलेल्या शेवेत बेसनाबरोबर मैदा मिसळलेला असू शकतो. ज्या कढईत आलूबोंडा तळला त्याच तेलात घटकेपूर्वी समोसे आणि कचोऱ्या तळून झालेल्या असतात. पनीरच्या रश्श्याला मैद्याने दाटपणा आणलेला असतो, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, आणि भाकर जरी मिळाली तरी ती थापताना तुटू नये म्हणून ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक घालण्याची काही स्वयंपाकघरांची रीत असते. पोळ्यांसाठी परथन उधळलेल्या ओट्यावरच ती थापली जाते, पोळीच्याच तव्यावर भाजली जाते. सकृद्दर्शनी पान शुद्ध दिसते. परंतु आतड्याला दिसण्याशी कर्तव्य नसते.

ज्वारी नरखेड तालुक्यातून कशी गेली हा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा नाही, तरी त्याची एक बाजू इथे आली पाहिजे. एकेकाळी काटोल तहशिलीत मोडणाऱ्या या मुलखात कापूस आणि ज्वारी ही जोडी होती. कापूस हाती पैसा देई, ज्वारी माणसाला भाकर आणि बैलाला कडबा देई. मग विहिरींच्या पाण्यावर संत्र्याच्या बागा वाढल्या, पुढे सोयाबीन आले, बैल कमी झाले म्हणून कडब्याची गरज सरली, आणि जो कुणी ज्वारी पेरील त्याचे कणीस रानडुकरे आणि पाखरे त्याच्या आधी खाऊ लागली. शिधावाटपाच्या दुकानातून गहू आणि तांदूळ घरोघर पोचले. त्यातच १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या मिलो या लाल ज्वारीची आठवण लोकांच्या मनात अशी रुतून बसली की ज्वारी म्हणजे अडचणीच्या दिवसांचे अन्न आणि पोळी म्हणजे बऱ्या दिवसांचे अन्न, असा एक अलिखित दर्जा ठरून गेला. पाहुण्याच्या ताटात भाकर वाढणे कमीपणाचे झाले. जे घरात कमीपणाचे झाले ते उपाहारगृहाच्या फळ्यावर राहणे शक्यच नव्हते. शिवाय आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांच्या तोडणीला उत्तरेकडील मालमोटारी संत्र्यासाठी येतात, त्यांच्या चालकांना तंदूरची रोटी लागते, आणि रस्त्यावरचे धाबे ज्यांच्यावर चालतात त्यांच्या जिभेप्रमाणे चालतात. यात कुणाचा अपराध नाही. परंतु २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ठिकठिकाणी ज्वारी-बाजरीच्या पदार्थांचे मेळे भरले, भाषणे झाली, आणि तरीही नरखेडच्या बसस्थानकाजवळ उतरलेल्या सिलिअ‍ॅक रुग्णाला दुपारी बारा वाजता एक भाकर मिळण्याची शाश्वती नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

पंगतीचे दुःख तर याहून खोल आहे. आपल्या खेड्यापाड्यांत बाहेरचे जेवण म्हणजे मुख्यतः उपाहारगृह नव्हेच. ते लग्न, तेरवी, भंडारा आणि शेतावरची रोडग्यांची पार्टी. रोडगे कणकेचे, त्यामुळे तिथे रुग्णाने केवळ वांग्याच्या भाजीकडे पाहत बसायचे, आणि त्या भाजीतही सर्वांनी रोडगा कुस्करलेल्या हातांनी डाव फिरवलेला. लग्नाच्या पंगतीत दाळभाजी, वांगे-आलू, कढी आणि भात असतो; म्हणजे विचार केला तर अर्धे पान सहज वाढता येण्याजोगे असते. पण वाढपी एका हाताने पोळी आणि त्याच हाताने भात वाढत जातो, आणि यजमानीणबाई प्रेमाने आग्रह करतात, की लग्नाघरी येऊन पोळी नाही म्हणू नये. सात-आठ वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय करावे? ती नाही म्हणाली तर हट्टी ठरते. घेतली तर आठवडाभर आजारी पडते. आणि तिसरा मार्ग म्हणून आईबाप तिला लग्नालाच नेईनासे होतात. एकत्र जेवणे हे आपल्या समाजात आप्तपणाचे प्रमाणपत्र मानले गेले आहे. त्या प्रमाणपत्रापासून एखादे मूल आजारपणामुळे वंचित राहते, आणि ते का राहते हे त्याला समजावून सांगायला भोवती कुणी नसते. आतड्याची जखम पथ्याने भरून येते. ही जखम भरून येईल की नाही हे मात्र भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते.

काही लोक म्हणतील की एवढी वेगळी व्यवस्था ठेवणे छोट्या उपाहारगृहाला झेपणार नाही. मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगतो. आषाढी एकादशीला, महाशिवरात्रीला, नवरात्रात हेच छोटे उपाहारगृह उपवासाचा फराळ वेगळा ठेवते की नाही? साबुदाण्याची उसळ, भगर, शिंगाड्याच्या पिठाचे पदार्थ, राजगिऱ्याचे लाडू हे सारे त्या दिवशी वेगळ्या पातेल्यात शिजते, वेगळ्या डावाने वाढले जाते. तळायचे तेल वेगळे काढले जाते. आणि गल्ल्यावरचा मालक गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगतो की याला दुसऱ्या कशाचा स्पर्श झालेला नाही. गिऱ्हाइकही तेवढीच कसून चौकशी करते, आणि त्या चौकशीचा मालकाला राग येत नाही, कारण प्रश्न श्रद्धेचा आहे हे त्याला समजते. घरची बाईसुद्धा उपवासाचे दळण नेते तेव्हा गिरणीवाल्याला आधी गिरणी झाडून घ्यायला सांगते, आणि तो ते ऐकतो. वेगळेपणा कसा पाळावा याचे संपूर्ण शिक्षण आपल्या समाजाला आहे, शतकानुशतके आहे. श्रद्धेसाठी जो बंदोबस्त आपण वर्षातून पंधरा-वीस दिवस विनातक्रार करतो, तोच एका आजारी माणसासाठी रोज एका कोपऱ्यात करायचा आहे, एवढीच माझी मागणी आहे. आणि त्यात एक सोयीची गोष्ट आहे: सिलिअ‍ॅक रुग्णाला उपवासाचे बहुतेक पदार्थ चालतात, त्यामुळे ज्या दिवशी सारे गाव उपवास करते त्या दिवशी त्याला बाहेर पोटभर खाता येते.

मात्र गिरणीच्या बाबतीत नुसते झाडणे पुरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दगडांच्या खाचांत आणि पिठाच्या पेटीत आधीच्या गव्हाचे जे पीठ अडकून राहते ते पुढच्या ज्वारीत उतरते, आणि मग शुद्ध ज्वारीची म्हणून अत्यंत सद्भावनेने दिलेली भाकर अपायकारक ठरते. यासाठी ज्याला अशी भाकर विकायची आहे त्याने फक्त ज्वारीसाठी राखून ठेवलेली एक लहान घरघंटी घ्यावी. पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत ती आज आहेच. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून त्यातच दळावी. एक तवा, एक परात, एक झाकणाचा डबा, तळणीचे थोडे तेल आणि मैदारहित हिंगाची एक डबी यांपलीकडे काही लागत नाही. हात धुवून घेण्याची शिस्त मात्र लागते, आणि ती पैशाने विकत मिळत नाही.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे, आणि ती मी नाकारीत नाही. भाकर थापणे ही कला आहे. तंदूरवर राबणाऱ्या परप्रांतीय कारागिराला ती येत नाही, आणि एकेक भाकर हाताने थापायला वेळ लागतो. परंतु सोलापूरकडे पाहावे. तिथल्या स्त्रियांनी ज्वारी-बाजरीच्या पातळ कडक भाकरीचा असा व्यवसाय उभारला की ती भाकर आज पुडक्यांत बांधून दूरदूरच्या शहरांत जाते आणि कित्येक दिवस टिकते. नरखेड तालुक्यातही बचत गट आहेत, आणि भाकर थापण्यात ज्यांचा हात अजून बसलेला आहे अशा प्रौढ स्त्रिया सावरगावला, बेलोन्याला, भिष्णूरला घराघरांत आहेत. गव्हाला स्पर्श न झालेल्या एका चुलीवर त्यांनी भाकरी करून जवळच्या दोन-तीन उपाहारगृहांना रोज पुरवल्या तर मालकाला नवा कारागीर नेमावा लागणार नाही, आणि त्या हातांना दाम मिळेल. अशी भाकर केवळ रुग्णच खातील असेही नाही. मधुमेही खातील, वृद्ध खातील, आणि जिभेला जुनी चव आठवते म्हणून कितीतरी निरोगी माणसे खातील. त्या सर्वांच्या मागणीवर ती टिकेल, आणि रुग्णाला त्याच्यासाठी वेगळे काही मागण्याचा संकोच पडणार नाही.

कायद्याची स्थिती काय आहे? अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे एका किलो अन्नात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसेल तरच त्यावर ग्लुटेनमुक्त असे छापता येते. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळणारी आहे. २०२० च्या लेबल व प्रदर्शनविषयक विनियमांनी ग्लुटेनयुक्त धान्यांचा समावेश अ‍ॅलर्जीकारक घटकांच्या यादीत केला, आणि केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांवर ही माहिती गिऱ्हाइकाला देण्याचे बंधन घातले. नरखेडमधील कोणते उपाहारगृह या व्याख्येत बसते? तालुक्याच्या गावातील एका मालकाच्या, एका कढईच्या दुकानाला हे बंधन नाही, आणि त्याच्यावर छापील तक्त्यांचा बोजा टाकावा असे मी म्हणणारही नाही. त्याच्याकडून मला एकच अपेक्षा आहे: विचारले असता जे ठाऊक आहे ते खरे सांगावे, आणि जे ठाऊक नाही त्याला ‘ठाऊक नाही’ म्हणावे. ‘याची खात्री देता येत नाही, बाई,’ हे उत्तर ऐकून रुग्णाची आई नाराज होत नाही. ती आभार मानून उठते. तिला घातक ठरते ते दिलदार आश्वासन.

शहरांतून हल्ली जे लोक आवड म्हणून गहू सोडतात त्यांच्याविषयी मला आकस नाही. पण त्यांनी मागणी करताना आपल्याला रोग नाही हे मोकळेपणी सांगावे. सकाळी गहू नको म्हणणारे गिऱ्हाईक संध्याकाळी केक खाताना मालकाने पाहिले, की पुढच्या खऱ्या रुग्णाचे म्हणणे त्याला नखरा वाटू लागते.

इटलीसारखा देश, ज्याचे रोजचे अन्नच गव्हाच्या शेवयांचे, त्याने २००५ साली कायदा करून शाळा, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये यांच्या भोजनगृहांत मागेल त्या सिलिअ‍ॅक रुग्णाला ग्लुटेनमुक्त जेवण मिळण्याचा हक्क दिला. गव्हाच्या देशाला हे साधले. आपण तर ज्वारीचे वारस आहोत. २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्राने शिवभोजन योजना सुरू केली तेव्हा दहा रुपयांच्या थाळीत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असे परिमाण ठरवले गेले. गोरगरिबांच्या पोटाचा विचार करणारी ही तजवीज स्तुत्य होती. तिच्या परिमाणात एका ओळीची भर पडावी. वैद्यकीय दाखला दाखवणाऱ्यास पोळीऐवजी वेगळ्या तव्यावरची ज्वारीची भाकर द्यावी, आणि ती त्या दिवशी नसेल तर पोळीच्या वजनाचा भात अधिक वाढावा. हीच ओळ रुग्णालयांच्या उपाहारगृहांच्या करारनाम्यांत आणि वसतिगृहांच्या भोजनठेक्यांतही लिहिली जावी. तपासणीसाठी नागपूरला गेलेल्या रुग्णाला जिथे रोगाचे निदान होते त्याच आवारात खायला काही मिळू नये, ही अवस्था एका शासन निर्णयाने संपण्याजोगी आहे. नरखेड तहशिलीने असा प्रस्ताव जिल्हाधिकारी कचेरीकडे पाठवावा, अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी आंबिया बहाराच्या तोडणीपूर्वी तालुक्यातील उपाहारगृहचालकांची एक सभा घेऊन हिंग, परथन, तेल आणि तवा या चार गोष्टी त्यांना समजावून द्याव्यात, आणि ज्वारी पेरू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांसाठी रानडुकरांचा बंदोबस्तही त्याच हंगामात करावा.